दुपारी तीनपर्यंत

२०२६च्या पंधरा जानेवारीला आईला मतदानाला घेऊन गेलो. इस्त्रीचं जांभळं पातळ, डोक्याला खोबरेल, हातात प्लास्टिकच्या पिशवीत आधारकार्ड आणि मतदार ओळखपत्र. दोन्ही घेतली होती, एकावर भागलं नाही तर दुसरं असावं म्हणून. आईचं वय सत्त्याहत्तर. गावच्या यादीतलं तिचं नाव दोन वर्षांपूर्वी इथे आणलं. त्यासाठीचा आठ नंबरचा फॉर्म मीच मोबाइलवर भरला होता आणि ती शेजारी बसून "म्हणजे तिकडचं खोडणार?" असं चारदा विचारत होती. महापालिकेच्या मतदानाची ही तिची पहिलीच खेप. शाळेच्या पायऱ्यांशी व्हीलचेअर घेऊन उभ्या असलेल्या मुलाला तिने हातानेच लांब सारलं आणि कठड्याला धरून वर गेली. बायकांची रांग पटापट सरकत होती, माझ्या आधी तिचीच पाळी आली. बाहेर आली ती कपाळाला आठी घालून. बोटावरची मार्करची रेघ तिने अंगठ्याने एकदा चोळून पाहिली. काडीने लावलेली शाई नखाच्या बेचक्यात महिनाभर राहायची, तिला त्याची सवय. मग मला म्हणाली, "चार जण निवडायचेत म्हणालास ना? आत दोघांचीच बटणं दाबायला सांगितली."

मी म्हटलं, "अगं, आपल्या प्रभागात दोन जागा बिनविरोध झाल्यात."

"झाल्यात म्हणजे? केल्या कोणी?"

मागच्या रांगेतला एक गृहस्थ हसला. मीही हसलो आणि तिला कोपऱ्यावरच्या टपरीत चहाला नेलं. त्या दिवशी टीव्हीवर दिवसभर मार्कर चालला होता. नेलपॉलिशच्या रिमूव्हरने रेघ जाते की नाही, कोणी बोट कॅमेऱ्यापुढे धरून दाखवतंय, कोणी तावातावाने घासतंय. तो प्रश्नही काही खोटा नव्हता. पण न दाबलेल्या बटणांबद्दल विचारलेलं मी त्या दिवशी एकाच माणसाच्या तोंडून ऐकलं, आणि तिला चहात साखर कमी पडली म्हणून विषय बदलायची संधी मला मिळाली. राज्यातल्या २९ महापालिकांमध्ये मिळून साठाहून अधिक नगरसेवक मतदानाच्या आधीच निवडून आले होते. विरोधकांनी पैशाचे आणि दबावाचे आरोप केले, सत्ताधाऱ्यांनी त्याला कामाची पावती म्हटलं, निवडणूक आयोगाने अहवाल मागवले. हे सगळं मी कामाचा भाग म्हणून वाचलेलं होतं. वीस-बावीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढलेल्या माणसाला आकडे पाठ असतात. "केल्या कोणी" हा प्रश्न मात्र माझ्या तोंडून आला नव्हता.

तो तसा येतही नाही, कारण आपली भाषाच सांभाळून घेते. निवडणूक बिनविरोध ‘होते’. पाऊस होतो, उशीर होतो, तशी होते. वाक्यात कर्ता शोधायला गेलात तर सापडत नाही. शिवाय शब्दाला एक गोडवा आहे. लहानपणी आमच्या गावात ‘बिनविरोध’ म्हटलं की पुरणपोळीचा वास यावा तसे लोक खुलायचे. भांडण नाही, गुलालाचा खर्च नाही, भावाभावात अबोला नाही, पोलीस नाहीत. यातलं काहीच खोटं नाही. निवडणुकीनंतर दोन-दोन वर्षं एकमेकांच्या लग्नाला न गेलेली घरं मी पाहिली आहेत, आणि पडलेल्या पॅनेलवाल्यांची वाट बांध घालून अडवलेलीही पाहिली आहे. त्यामुळे बिनविरोधची टिंगल करणाऱ्या शहरी मंडळींशी मी कितीतरी वेळा वाद घातलाय. "गावात राहून बघा," असं म्हणायचो. आणि स्वतः डोंबिवली-ठाण्याच्या लोकलमध्ये बसलेलो असायचो, हे वेगळं.

आमचं गाव लांजा-राजापूरच्या पट्ट्यात, हायवेपासून आत. नाव सांगत नाही, आणि सांगून फरकही पडणार नाही, अशी बरीच आहेत. २०२२च्या डिसेंबरात ग्रामपंचायत लागली. सरपंच थेट लोकांतून निवडायचा कायदा त्याच वर्षी परत आला होता आणि आमच्याकडे सरपंचपद महिलेसाठी राखीव पडलं होतं. देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. आमच्याकडे अशी बैठक म्हणजे फक्त गप्पा नव्हेत. मानकरी, वाडीप्रमुख, मुंबईकर मंडळाचे दोघे, सतरंजी, चहा, शेवटी नारळ. खालच्या वाडीतली माणसंही येतात, पण ती दीपमाळेच्या पलीकडे उभी राहतात. त्यांना कोणी "तिथे थांबा" म्हणत नाही. ते आपोआपच होतं. बैठकीत एका घरातल्या वहिनींचं नाव ठरलं, सदस्यही वाटून झाले. आणि मग तहसीलमध्ये छाननीच्या दिवशी कळलं की खालच्या वाडीतल्या एका मुलीनेही सरपंचपदाचा अर्ज भरलाय आणि तो वैध ठरलाय.

ती मला दादा म्हणते. मुक्त विद्यापीठातून वृत्तपत्रविद्येचा कोर्स करत असताना तिने माझ्याकडून पुस्तकं नेली होती. बातमीचा इंट्रो कसा लिहायचा ते तिला मी आमच्या पडवीत बसून शिकवलं होतं. "कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं, आणि दुसरी बाजू," असं मी म्हणायचो आणि ती वहीत ‘दुसरी बाजू’खाली रेघ मारायची. तिच्या वाडीची विहीर एप्रिल संपता संपता तळाला जाते आणि मे महिन्यात टँकरच्या आवाजाकडे कान लावून बायका हंडे घेऊन चढावर बसतात. अर्ज कशासाठी भरला होता हे कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

माघारीच्या दिवशी सकाळी मला नानांचा फोन आला. नाना म्हणजे गावात ज्यांच्या शब्दाला वजन, ते. रागावलेले नव्हते, उलट फार मायेने बोलत होते. "तीस वर्षांत गावात मतपेटी आली नाही रे. पोर हुशार आहे, पण कोणीतरी भरीला घातलंय. तू सांग, तुझं ऐकते ती." आणि फोन ठेवल्यावर त्यांनी एक व्हिडिओ पाठवला. ग्रामसभेतला. ती उभी आहे, निळा पंजाबी ड्रेस, मागे महात्मा फुल्यांची तसबीर, आणि ती म्हणते, "...देवळाला पैसे नकोत." नऊ सेकंद. खाली बहुतेक तिसऱ्या-चौथ्या हाताने लिहिलेलं, ‘हिला सरपंच करणार?’ आणि हात जोडलेल्यांची रांग. हा व्हिडिओ आदल्या रात्रीच आमच्या गावच्या ग्रुपवर आला होता, मी शिफ्टमध्ये होतो म्हणून पाहिला नव्हता. वर सरकत गेलो तर त्याच्या लगेच वर राखाडी पट्टीतली ओळ होती. ग्रुपचं सेटिंग बदललंय, आता फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात.

ती ओळ मी वाचली. वाचून पुढे गेलो. तंटे नकोत म्हणून केलं असेल, असं मनात आलंसुद्धा.

आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये दुपारी कांदाभजीचा घाणा असतो, त्या तेलाच्या वासात एका हाताने कान झाकून मी तिला फोन केला. काय बोललो ते जवळजवळ शब्दशः आठवतं, कारण नंतर ते फार वेळा आठवून पाहिलंय. गावात वाद नकोत, म्हणालो. तुझं वय आहे, शिक्षण आहे, पुढे संधी येतील. देवाच्या बाबतीत लोक हळवे असतात, असं सभेत बोलायचं नसतं. आणि तुझ्या वाडीच्या पाण्याचं मी नानांशी बोलतो, ते शब्द देतील. पलीकडे एसटी स्टँडचा गोंगाट ऐकू येत होता, म्हणजे ती तालुक्याला पोचलेली होती. तिने मधे एकदाच विचारलं, "दादा, तुम्ही पूर्ण व्हिडिओ बघितलात?"

मी म्हटलं, "हो."

माघारीची मुदत दुपारी तीनपर्यंत असते. पावणेतीनला ग्रुपवर अ‍ॅडमिनने फोटो टाकला. तहसीलच्या व्हरांड्यात ती सही करतेय, बाजूला चार-पाच हसरी माणसं, वाकून कागद बघणारी. साडेतीनला गुलालाचे फोटो आले. मतदान नाही, तरी गुलाल होताच.

आता यातला खरा लाजिरवाणा भाग. संध्याकाळी आमच्या पानावर तालुक्याच्या वार्ताहराची बातमी आली, बाकीच्या पंधरा-वीस गावांसोबत. आमच्या गावाला पाच ओळी. ‘सर्वानुमते’, ‘एकोप्याचा आदर्श’, ‘ज्येष्ठांच्या मार्गदर्शनाखाली’. मी ‘मार्गदर्शना खाली’ हे जोडून घेतलं, एक ‘सदर’ काढलं आणि मथळा दिला, ‘बिनविरोधची परंपरा कायम’. डेस्कवर रोज वार्ताहरांना ओरडणारा मी, दुसरी बाजू कुठाय म्हणून. ज्या एका बातमीची दुसरी बाजू दुपारी स्वतःच्या कानाने ऐकली होती, ती मी व्याकरण सुधारून सोडून दिली. कोणाचा फोन नव्हता, मालकाचा दबाव नव्हता, नोटीस नव्हती. वृत्तपत्र स्वातंत्र्यावर आमच्याकडे दरवर्षी सहा जानेवारीला, ‘दर्पण’च्या दिवशी, भाषणं होतात. बाळशास्त्री जांभेकरांच्या फोटोला हार घातला जातो. त्या भाषणांत गळा नेहमी दुसरं कोणीतरी आवळत असतं.

तालुक्याच्या वार्ताहराला मी दोष देत नाही. त्याला बातमीचे मिळणारे पैसे मोजायला एका हाताची बोटं पुरतात, खरं उत्पन्न जाहिरातीच्या कमिशनचं. सरपंचाचा वाढदिवस, ठेकेदाराच्या दिवाळी शुभेच्छा, पतसंस्थेचा वर्धापनदिन. ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याच्याकडेच दिवाळी अंकाचं पान मागायला जायचं असतं. वर मोठ्या पातळीवरही काही वेगळं नाही, फक्त शब्द इंग्रजी होतो, ‘पॅकेज’, म्हणजे पैसे घेऊन छापलेली स्तुती. २००९च्या विधानसभेला वेगवेगळ्या दैनिकांत काना-मात्रेसकट एकच मजकूर वेगवेगळ्या नावांखाली छापून आला होता आणि पत्रकार पी. साईनाथांनी ती कात्रणं शेजारी शेजारी ठेवली तेव्हा आमच्या धंद्यातल्या लोकांना धक्का बसला तो त्यात काही नवं होतं म्हणून नव्हे. ते आता सगळ्यांसमोर आलं म्हणून. मी तेव्हा नवा होतो. आमच्या कँटीनमध्ये आठवडाभर त्यावर चर्चा झाली आणि मग विषय मागे पडला.

आणि तरी त्याच पट्ट्यात, आमच्या त्या बिनविरोधनंतर दोन महिने होतात न होतात तोच, शशिकांत वारिसे गेले. राजापूरचे पत्रकार. बारसूच्या रिफायनरीवरून तेव्हा सगळा तालुका तापलेला. सहा फेब्रुवारी २०२३. सकाळी त्यांची बातमी छापून आली, जमिनीचे व्यवहार करणाऱ्या एका रिफायनरी समर्थकाचे फोटो बड्या नेत्यांबरोबर बॅनरवर कसे झळकतात याबद्दल. दुपारी कोदवलीच्या पेट्रोलपंपाजवळ त्यांच्या दुचाकीला त्याच माणसाच्या गाडीने चिरडत नेलं. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या रुग्णालयात ते वारले. पुढे खुनाचा गुन्हा दाखल झाला, विशेष पथक नेमलं गेलं. पत्रकारांवरच्या हल्ल्याविरोधात कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, २०१७ साली. तो कायदा होता, वारिसेही होते, पेट्रोलपंपही हायवेवर भर दिवसा उघडाच होता.

गावी जाताना मी त्या पंपावरून जातो. एसटीत असेन तर डावीकडची खिडकी धरतो, का ते नीट सांगता येत नाही. पाहण्यासारखं तिथे काही नाही. डिझेल भरायला उभे असलेले ट्रक, हवा भरायचं यंत्र, कलिंगडांचा ढीग. वारिसेंना मी भेटलेलो नव्हतो. पण त्यांच्यासारख्यांच्या बातम्या मी वर्षानुवर्षं मुंबईत एसीत बसून कापत आलो. ‘जागा नाही’ म्हणून तळाचे दोन परिच्छेद उडवायचे ही डेस्कची सवय. माणूस ज्यासाठी जिवावर उदार होतो ते पुष्कळदा तळाच्या दोन परिच्छेदांतच असतं.

आता कुठेही निवडणुका आणि धोके असा विषय निघाला की लोक डीपफेकवर येतात. येणारच. २०२४च्या विधानसभेला मतदानाच्या आदल्या रात्री बड्या नेत्यांच्या म्हणून काही ध्वनिफिती फिरल्या. त्या खऱ्या की यंत्राने घडवलेल्या याची छाननी चालू असतानाच लोक सकाळी रांगेत उभे राहिले. उत्तर येईस्तोवर बटण दाबून झालेलं असतं, हीच त्यातली गोम. पण मला माझी नऊ सेकंदं आठवतात. त्याला ना कुठलं प्रगत यंत्र लागलं, ना परदेशी हात. अंगठ्याने पिवळी पट्टी थोडी डावीकडे ओढली की झालं. आणि ते खोटं माझ्या गळी उतरवायला परकं कोणी नव्हतं, नाना होते. ज्यांनी मला पोहायला शिकवलं, ज्यांच्या हातचा प्रसाद मी खाल्लाय.

बिनविरोधची बाजू घेणारे हिवरेबाजारचं नाव घेतात आणि मीही घ्यायचो. गाव नमुन्याचं, पाण्याचा हिशेब चोख, आणि तीसेक वर्षं निवडणुकीशिवाय कारभार. पण २०२१च्या जानेवारीत तिथेही दुसरं पॅनेल उभं राहिलं. मतदान झालं. इतकी वर्षं गाव चालवणाऱ्या पोपटराव पवारांच्या पॅनेलने सगळ्या जागा जिंकल्या आणि गाव होतं तिथेच राहिलं. कुठे आभाळ कोसळलं नाही. मला तर वाटतं पोपटरावांना त्या निकालाने जे मिळालं ते आधीच्या तीस वर्षांत मिळालं नव्हतं. आता मोजलेली मतं होती. त्याच हंगामात शेजारच्या पारनेरमध्ये आमदारांनी बिनविरोध होणाऱ्या गावाला २५ लाखांचा निधी जाहीर केला होता. आणि नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात सरपंचपदाची बोली देवळाच्या बांधकामासाठी दोन कोटी पाच लाखांवर गेली, नंदुरबारच्या खोंडामळीत बेचाळीस लाखांवर. लिलावाचा व्हिडिओ बाहेर आला, राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. त्या लिलावातही सगळे खुशीत होते म्हणे. कांद्याच्या बाजाराची सवय असलेली माणसं, पुकारा करायला ती थोडीच लाजणार. पैसा कोणाच्या खिशात जाणार नव्हता, देवाला जाणार होता. उमराण्याचं वाचून आम्ही डेस्कवर पोट धरून हसलो होतो. आमच्या गावात तर पैशाचा प्रश्नच आला नाही. आमच्याकडे मी होतो, फुकट.

सुरतेचंही आठवतं. २०२४च्या लोकसभेला एका मोठ्या पक्षाच्या उमेदवाराचा अर्ज सूचकांच्या सह्यांवरून बाद झाला, बाकीच्यांनी एकेक करून माघार घेतली आणि सोळा लाखांहून जास्त मतदारांच्या शहराला खासदार मिळाला, एकही मत न पडता. तिथे ‘नोटा’चं बटण दाबायला कोणी गेलं असतं का, किती जण गेले असते, काही कळायला मार्ग नाही. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८मध्ये फार चांगला आदेश काढला होता. स्थानिक निवडणुकीत ‘नोटा’ला सर्वांत जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची, ‘नोटा’ हा जणू एक काल्पनिक उमेदवारच. पण त्या काल्पनिक उमेदवाराला दुसरा एक खराखुरा उमेदवार सोबतीला लागतो. एकटाच उरला की मतदानच नाही, मग नोटा कुठली. नाही म्हणायचं बटण आहे, फक्त ते खोलीत आहे आणि खोलीला कुलूप आहे.

शिमग्याला गावी गेलो. आईला न्यायचं नव्हतं, पण पालखी दारात येणार आणि ती इथे बसणार हे तिला मान्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर मी खालच्या वाडीत गेलो. तीन वर्षं मी तिला टाळत होतो असं नाही म्हणता येणार. दोनदा भेट झाली होती लग्नात, "काय दादा, बरे आहात?" इतपत. ती अंगणात कोकमं वाळवायच्या गोणपाटावर बसून कसलेतरी अर्ज लावत होती. लग्न झालंय, याच गावात, वरच्या बाजूला. माहेरी आली होती. चहा झाला. पाण्याचं विचारलं. टाकी बांधून झालीय, म्हणाली, पाइप अजून यायचाय. मग मीच म्हटलं, तो व्हिडिओ आहे का तुझ्याकडे, पूर्ण?

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि फोन काढला. फोन बदललाय पण व्हिडिओ तसाच ठेवला होता. तिच्या भावाने काढलेला, चार मिनिटांचा. वाऱ्याचा आवाज मध्ये येत होता म्हणून तिने इअरफोन दिले. ग्रामसभा, पंख्याची घरघर, कोणाचं तरी पोर रडतंय. ती बोलत होती, जरा भराभर, घाबरल्यावर माणूस बोलतो तसं. "पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे देवळाच्या कामाला घालताच येत नाहीत, ग्रामसेवकांनी सांगावं. देवळाला पैसे नकोत असं माझं म्हणणं नाही, वर्गणी काढा, आमची वाडी पण देईल. पण हे पैसे पाण्याचे आहेत."

मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग माझ्या फोनमधला तो जुना नऊ सेकंदांचा तुकडा काढला. तो मीही पुसलेला नव्हता. इअरफोन त्याला लावले. ‘नकोत’नंतर तुकडा संपतो. पण संपायच्या अगदी टोकाला, तेव्हा कँटीनच्या गोंगाटात ऐकू येणं शक्य नव्हतं, एक अर्धा ‘अ’ आहे. ‘असं’मधला. तोंड उघडलेलं आहे तिचं शेवटच्या चित्रात. वीस वर्षं मी वाक्यं कापतोय. मधूनच तोडलेलं वाक्य मला मैलावरून कळतं, अशी माझी डेस्कवर ख्याती आहे.

"तुम्ही हो म्हणालात ना तेव्हा," ती कोकमं उलथी करत म्हणाली, "तेव्हाच कळलं मला."

"काय?"

"ग्रुप त्यांनी बंद केला होता. पूर्ण व्हिडिओ मी कुठे टाकलाच नव्हता, टाकणार कुठे? तो फक्त भावाच्या आणि माझ्या फोनमध्ये होता." ती थांबली. "स्टँडवर उभी होते मी. म्हटलं, दादाच बघत नाहीत तर गाव कशाला बघतंय. मग गेले नि सही केली."

आतून तिच्या आईने कोणाचं तरी नाव घेऊन हाक मारली. लांब वरच्या अंगाला ढोल वाजत होता, पालखी कुठल्याशा घरी पोचली असणार. मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, माफीसारखं. तिने ते फार ऐकून घेतलं नाही. हातातले कागद दाखवले. गेल्या सहा ग्रामसभांच्या इतिवृत्ताच्या नकला, माहितीच्या अधिकारात मागवलेल्या, दोन ठिकाणी पिवळी रेघ. आता प्रत्येक सभेचं रेकॉर्डिंग ती स्वतः करते, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि त्याच रात्री तीन जणांना पाठवून ठेवते. "पुढच्या वर्षी मुदत संपते. आरक्षण काय पडेल ते पडो. सर्वसाधारण पडलं तरी भरणार." मग हसली, पहिल्यांदाच मोकळी. "माघारीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत फोन बंद ठेवणार आहे मी, दादा. आधीच सांगून ठेवते."

घरी आलो तर आई पडवीत पाय सोडून बसली होती, कपाळाला पालखीचा भंडारा. कुठे होतास, म्हणून विचारलं. सांगितलं, थोडंफार. सगळं नाही. ती ऐकत राहिली, मधेच सुपारी कातरत. बोटावरची मार्करची रेघ केव्हाच गेलेली.

"तो आठ नंबरचा फॉर्म," ती म्हणाली, "उलटा भरता येतो का? माझं नाव परत इकडे आणायला?"

म्हटलं, येतो, पण त्यासाठी इथे राहावं लागेल. नुसतं नाव नाही आणता येत. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचा माणूस, घरी येऊन बघतो.

"किती दिवस?"

मी मोबाइल काढला. पडवीत रेंज येत नाही, म्हणून उठून अंगणाच्या कडेला, फणसाखाली गेलो.